वाक्य नसलेल्या मुलांची तालीम

भूमिका वाटून झाल्या की बाराजणांतली तीन-चार मुलं हमखास मागं रेंगाळतात. दप्तर उगाच खांद्यावर सारखं करत विचारतात, "सर, मला वाक्यंच न्हाईत. मी काय करू?" आठवी-नववीची मुलं घेऊन शालेय स्पर्धेच्या समूहप्रकारात उतरायचं, तर या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी तयार हवं. नाट्यछटेत, एकपात्रीत, वक्तृत्वात बघायला एकच चेहरा असतो. समूहात परीक्षक बोलणाऱ्याला दोन वाक्यं ऐकतो आणि लगेच बाकीच्यांवरून नजर फिरवतो. मागच्या ओळीतला एकजण शर्टाचं बटण चाचपत असेल, तर पुढच्याचा चांगला अभिनयही तिथंच सांडतो. म्हणून आमच्या तालमीचा निम्म्याहून जास्त वेळ वाक्य नसलेल्या मुलांवर जातो.

समूहात काय काय येतं ते आधी. समूहपठणात कविता किंवा गद्य सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. हालचाल जवळजवळ नाहीच, सगळा खेळ आवाजाचा. अभिवाचनात हातात संहिता असते आणि नजर कागदावरून उचलून समोर टाकता आली पाहिजे. पथनाट्याला पडदा नाही, दिवे नाहीत, प्रेक्षक चारी बाजूंनी. आणि बालनाट्य किंवा एकांकिका म्हणजे नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा हा सगळा पसारा. एकाच गटानं एका वर्षी यातले दोन प्रकार घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पथनाट्यात तापलेला आवाज समूहपठणात बसत नाही. चार दिवस शांत ठेवूनही बसत नाही.

नियमपत्रक हाती आलं की ते मोठ्यानं वाचून काढायचं आणि पाच गोष्टींखाली रेघ मारायची: वेळ, कलाकारांची कमाल संख्या, त्यात वादक आणि तंत्रज्ञ धरले आहेत का, मांडणीसाठी किती मिनिटं, आणि वयाचा दाखला कोणत्या तारखेचा. तिसऱ्या मुद्द्यावर गट बाद होतात. हलगी वाजवणारा मुलगा रंगमंचावर दिसला की काही ठिकाणी तो कलाकार धरला जातो आणि संख्या एकानं वाढते. नाटक छापील असेल तर लेखकाची लेखी परवानगी अर्ज भरण्याआधी घ्यावी. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्रही लागतं. नवी संहिता लिहून घेतली असेल तर ती वेळेत पूर्ण झाली पाहिजे, कारण शेवटच्या आठवड्यात बदललेलं वाक्य प्रमाणपत्रातल्या संहितेत नसतं.

वेळेचा हिशेब कागदावर होतो. रंगमंचावर मुलं मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतात. नियमात २० मिनिटं असतील तर संहिता १६ मिनिटांची धरायची. त्यातल्या हालचाली, गाणं, थांबे वजा केले की १,४०० ते १,५०० शब्दच उरतात, म्हणजे हातानं लिहिलेली फुलस्केपची सहा पानं. उरलेली चार मिनिटं मोकळी वाटतात, पण ती हशा, टाळ्या, प्रवेशबदल आणि घाबरून लांबलेले श्वास यांची असतात. घाई करून वेळ वाचवू म्हणणारा गट शेवटच्या प्रवेशाची माती करतो. काटछाट करायची तर ती पहिल्या पंधरवड्यात, पाठांतर पक्कं होण्याआधी. पाठ झालेलं वाक्य काढून टाकलं तरी ऐन प्रयोगात ते मुलाच्या तोंडात परत येतं आणि पुढच्याची अडचण होते.

दिवसांची आखणी कोल्हापूरच्या पावसाला धरून करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आवाजाची तालीम होतच नाही. सरी आल्या की स्वतःचं वाक्य स्वतःला ऐकू येत नाही, मुलं ओरडायला लागतात आणि दोन दिवसांत घसे बसतात. त्या दिवसांत वर्गात बसून वाचन, पात्रांच्या वह्या, मूकअभिनय एवढंच घ्यायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की करवीर-पन्हाळ्याकडच्या मुलांच्या एसट्या बंद होण्याची धास्ती असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर पालक त्या दिवसांत मुलांना सोडायला तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. मग गणपती, मग सहामाही परीक्षा, मग नवरात्र. या सगळ्यातून काढून घट्ट तालमीचे दिवस चाळीसच्या आसपास हाती लागतात. वेळ सव्वापाच ते साडेसहा, त्यापुढं नाही, कारण महापालिकेच्या केएमटीची ठरलेली बस चुकली की बाहेरगावच्या मुलींची पंचाईत होते. सव्वा तासाची रोजची तालीम रविवारच्या पाच तासांच्या तालमीपेक्षा जास्त देते. पाच तासांतले शेवटचे तीन तास मुलं चुका पाठ करत असतात.

आवाजाकडे येऊ. बाराजणांचं समूहपठण बसवताना आम्ही आधी प्रत्येकाकडून एकच ओळ म्हणवून घेतो आणि जाड, मधला, पातळ असे तीन गट पाडतो. साधारण तीन, पाच आणि चार. नववीतल्या मुलांचा आवाज याच वयात फुटत असतो. जूनमध्ये पातळ गटात असलेला मुलगा नोव्हेंबरात जाड गटात जातो. म्हणून महत्त्वाची एकट्याची ओळ अशा मुलाला देऊ नये, आणि दिलीच तर त्याला खालच्या पट्टीत बोलू द्यावं. वरच्या पट्टीसाठी ताणलं की आवाज मधेच तुटतो, सभागृह हसतं आणि तो मुलगा पुढं वर्षभर तोंड उघडत नाही.

एकत्र सुरू होणं हा पठणातला पहिला अडसर. हातानं इशारा केला की तो प्रेक्षकांना दिसतो. आम्ही एका मुलीला श्वासाची प्रमुख करतो. ती नाकानं ऐकू जाईल न जाईल असा छोटा श्वास घेते आणि त्या श्वासाच्या शेवटावर सगळे पहिलं अक्षर उच्चारतात. डोळे मिटून, एकमेकांकडे पाठ करून हे आठ दिवस करून घेतलं की कान तयार होतो. दुसरा अडसर संथपणाचा. प्रत्येकजण शेजाऱ्याची वाट बघतो, त्यामुळं पाच मिनिटांची कविता सहा मिनिटांवर जाते. त्यासाठी पूर्ण कविता कुजबुजत म्हणवून घ्यायची. कुजबुजताना आवाजाच्या आड लपता येत नाही, कोण मागं पडतंय ते लगेच कळतं. हलगीच्या ठेक्यावरही म्हणवून घेतो, पण ठेका चार दिवसांत काढून घ्यायचा. नाहीतर कविता पोवाड्यासारखी ठोकली जाते. तिसरी गोष्ट लांब ओळीतल्या श्वासाची. सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला की ओळीला भोक पडतं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्यांना वेगवेगळे शब्द नेमून द्यायचे आणि तिथंच चोरून श्वास घ्यायला लावायचा. संहितेत त्या शब्दावर पेन्सिलीनं स्वल्पविरामासारखी खूण करतो. आणि ओळीच्या शेवटी येणारा 'स'. बारा मुलांनी बारा वेळी सोडला की सापाच्या टोपलीसारखा आवाज येतो. तो फक्त दोघांनी उच्चारायचा, बाकीच्यांनी आधीच्या स्वरावर थांबायचं. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

बोलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं मोठी माणसंच चुकतात. कोल्हापूर भागातल्या कितीतरी मुली सहज "मी आलो", "मी जातो" म्हणतात. संहितेत "मी आले" असतं. पंधरा दिवस तालीम करून ती "आले" म्हणते, आणि ऐन प्रसंगात, भावना चढली की, "आलो" निघून जातं. यावर ओरडणं चुकीचं आहे. आधी ठरवायचं, पात्र कुठलं आहे. पात्र कागल-राधानगरीकडच्या घरातलं असेल तर वाक्यच "मी आलो की" असं करून घ्यावं. त्या "की"मध्ये जो हेल आहे तो पुण्याच्या मुलीला शिकवूनही येणार नाही. पात्र प्रमाण मराठी बोलणारं असेल तर मात्र कसून मेहनत घ्यायची: पाणी-पानी, शाळा-साळा, गणपती-गनपती अशा जोड्या रोज पाच मिनिटं आरशासमोर. अर्धवट अवस्था सगळ्यात वाईट. एका वाक्यात "मला ठाऊक नव्हतं" आणि पुढच्यात "मला म्हाईत न्हाई" असं आलं की पात्र फाटतं. आणि बोली केवळ विनोदी पात्रालाच देणं आम्ही बंद केलं आहे. गंभीर प्रसंगात कोल्हापुरी बोलणारा बाप उभा राहिला की सभागृहात शांतता होते.

आता त्या वाक्य नसलेल्या मुलांकडे. समजा नाटकात एसटीचा प्रवास आहे, गगनबावड्याहून करूळ घाट उतरणारी गाडी. पुठ्ठ्याची एसटी करू नये. आठ मुलांची एसटी करावी. पुढं चालक, हातात काही नाही, पण स्टिअरिंगच्या चाकाचा व्यास पक्का ठरलेला. दोन्ही हातांतलं अंतर पूर्ण प्रवेशभर तेवढंच राहिलं पाहिजे. मागं दोन-दोनच्या तीन रांगा, मधे दीड फूट बोळ, आणि त्या बोळातून फिरणारा वाहक. आठ मुलं झाली.

गाडी सुरू होताना सगळे किंचित मागं जातात. ब्रेक लागला की पुढं. डावं वळण आलं की अंग उजवीकडे झुकतं, उजवं आलं की डावीकडे. मुलं नव्वद टक्के वेळा वळणाच्याच बाजूला झुकतात, कारण ती सायकलवर तशी झुकतात. हे तोंडी सांगून भागत नाही. शाळा सुटल्यावर घरी जाताना बसमध्ये उभं राहून बघून या, असं सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच दुरुस्त होतात. झुकणं डोक्यापासून सुरू होत नाही, कंबरेपासून होतं आणि डोकं थोडं मागं राहतं. चालकाच्या हाताकडे फक्त पहिल्या रांगेनं बघायचं, दुसरीनं पहिलीच्या पाठीकडे, तिसरीनं दुसरीच्या. त्यामुळं झोका पुढून मागं जरासा लहरत जातो आणि गाडीला लांबी येते. सगळे एकदम झुकले की कवायत दिसते.

खरी कसोटी पुढं आहे. दुसऱ्या रांगेतल्या मुलीचं वाक्य येतं आणि ती उठून पुढं येते. त्या क्षणी बाकीचे सातजण तिच्याकडे बघत स्तब्ध होतात, आणि गाडी नाहीशी होते. इंजिनची थरथर चालूच राहिली पाहिजे. तिची रिकामी जागा तिच्या शेजाऱ्यानं व्यापायची नाही. उलट गचका बसल्यावर त्यानं आपलं कोपर त्या मोकळ्या जागेवर टेकवायचं, म्हणजे तिथं बाक आहे हे प्रेक्षकाला कळतं. परत बसताना तिनं मागं न बघता तिथंच बसायचं. या एका प्रवेशाला, तीन मिनिटांच्या, आठ ते दहा तालमी जातात. जातात तर जाऊ देत. "मला वाक्यं न्हाईत" म्हणणाऱ्या मुलाला इथं कळतं की त्याचं कोपर काढलं तर बाक पडतो.

वाक्य नसलेल्या प्रत्येकाला आम्ही वहीत तीन गोष्टी लिहायला लावतो: मी इथं कशाला आलोय, मला आत्ता काय ऐकू येतंय, यातल्या कोणाशी माझं पटत नाही. उत्तरं एकेका ओळीची. एवढ्यानं हात कुठं ठेवायचे हा प्रश्न सुटतो. काहीजण उत्साहात जास्तीचं करायला लागतात, डोळे विस्फारतात, माना हलवतात. त्यांना मोजून द्यावं: या प्रवेशात तुझी एकच हालचाल, अमुक वाक्यावर, बाकी ऐकायचं.

हालचालींची आखणी मैदानावर होते. रंगमंचाचं माप आधी जाऊन टेपनं घ्यायचं: दर्शनी रुंदी, खोली, विंगांमधलं (मंचाच्या दोन्ही कडांच्या आडोशांमधलं) अंतर. ते माप शाळेच्या मैदानावर फक्कीनं आखायचं, मध्यरेघ मारायची आणि विंगांच्या जागी बाक ठेवायचे. हे न करता वर्गात बसवलेलं नाटक मोठ्या रंगमंचावर मधोमध गोळा होतं. उलटही होतं. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. कोल्हापुरात नाटक करणाऱ्या प्रत्येकाला ती रात्र आठवते. मुलांच्या दृष्टीनं अडचण अशी झाली की मोठ्या रंगमंचासाठी शिकलेल्या हालचाली लहान सभागृहांच्या मंचावर बसवाव्या लागल्या. शाहू स्मारक भवनसारख्या ठिकाणी तेच नाटक करायचं तर धावत येणारी प्रत्येक एन्ट्री दोन पावलांनी कमी करावी लागते, आणि बाराजणांचा अर्धगोल दोन ओळींचा करावा लागतो. म्हणून आम्ही दोन्ही मापं आखून ठेवतो, एक फक्कीनं, दुसरं विटांच्या तुकड्यांनी. शेवटच्या दहा दिवसांत आलटून पालटून दोन्हीवर तालीम.

झाकलं जाणं ही समूहाची नेहमीची व्याधी. पुढचा मागच्याला झाकतो. सोपी ताकीद अशी की तुला सभागृहातली मधली खुर्ची दिसत नसेल तर त्या खुर्चीला तू दिसत नाहीस. अर्धं पाऊल सरक. दीड फूट उंचीच्या दोन लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, मागं ठेवल्या की निम्मा प्रश्न मिटतो, पण त्यावर चढ-उतार करायचा सराव प्रत्यक्ष लाकडावरच हवा. बाकावर केलेला सराव उपयोगाचा नाही, बाक हलतो आणि मुलं घाबरून पायाकडे बघायची सवय लावून घेतात.

वेशभूषा रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवली तर तो दिवस फुकट गेला म्हणून समजावं. नऊवारी आणि फेटा आठ दिवस आधीपासून वापरायचे. चौदा वर्षांच्या मुलीला शिवलेली नऊवारीच द्यावी, कंबरेला आतून नाडी आणि दोन सेफ्टी पिना. फेटा नाटकात पडायचा नसेल तर आत सुती टोपी घालून त्यावर बांधावा, घामानं घसरत नाही. आणि कोल्हापुरी चप्पल. ती लाकडी मंचावर कर्रकर्र वाजते आणि पुढच्या कडेला ठेवलेले माइक तो आवाज इमानानं उचलतात. गंभीर प्रवेशात आठ जोड वाजले की वाक्यं ऐकू येत नाहीत. ज्याच्या चपलेचा आवाज नाटकाला हवा आहे त्या एकालाच ती द्यावी, बाकीचे अनवाणी. त्याच माइकांमुळं पुढच्या चार फुटांत उडी मारायची नाही हा नियम.

हलगीची एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. कातडी हलगी दमट हवेत सैल पडते आणि थाप बसकी येते. शेकोटीवर शेकून ती ताणली जाते, पण नाट्यगृहाच्या आवारात जाळ करायचा नाही. आत्ताच सांगितलेल्या रात्रीनंतर तर नाहीच नाही. शेकायची असेल तर निघण्याआधी शाळेतच शेकून, कोरड्या चादरीत गुंडाळून न्यावी, किंवा बंद सभागृहासाठी सरळ फायबरची वापरावी. तिचा आवाज थोडा टणक वाटतो, पण दर वेळी सारखा येतो.

पार्श्वसंगीताच्या फायलींना ०१, ०२ असे क्रमांक द्यायचे, दोन पेनड्राइव्हवर ठेवायच्या. मोबाइलवरून वाजवणार असाल तर तो विमान मोडवर टाका; घाटातल्या प्रवेशात कुणाच्या तरी मामाचा फोन वाजलेला चालत नाही. संगीत देणाऱ्याचा इशारा शक्यतो वाक्यावर ठेवू नये, हालचालीवर ठेवावा, कारण वाक्य विसरलं जातं पण मूल उठून उभं राहतंच.

विसरण्यावर एक सराव लागू पडतो. शेवटच्या आठवड्यात गोल बसून पूर्ण नाटक धावतं म्हणायचं, अभिनयाशिवाय, जमेल तेवढ्या वेगानं. मग रोज एका मुलाला गुपचूप सांगायचं, आज तू एक वाक्य गाळ. कोणतं ते इतरांना माहीत नसतं. दोन सेकंदांत कुणीतरी ते उचललं पाहिजे, आणि बहुतेक वेळा उचलतात वाक्य नसलेलीच मुलं. सगळं नाटक त्यांनाच पाठ असतं.

प्रयोगाच्या दिवशी खाणं हलकं; मिसळ नाही, दही नाही, प्रयोगाआधी दोन तास पोट भरून काहीच नाही. कोमट पाणी आणि गूळ-शेंगदाणे. रंगभूषेला माणशी आठ ते दहा मिनिटं धरून बाराजणांचे दोन तास होतात, म्हणून ज्याची मिशी चिकटवायची तो सर्वांत शेवटी. घाम आला की गोंद सुटतो. विंगेत एका टेबलावर कागद अंथरून चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात वस्तूचं आणि मुलाचं नाव लिहायचं. पहिली घंटा झाली की एकजण त्या चौकोनांवरून बोट फिरवतो. रिकामा चौकोन बोलतो. मांडणीला दहा मिनिटं मिळणार असतील तर ती सहात झाली पाहिजे, आणि कोण काय उचलणार हे मैदानावर घड्याळ लावून केलेलं असावं. दुसऱ्या घंटेला सगळे विंगेत, हात हातात, आणि तीच श्वासाची प्रमुख एकदा श्वास घेते. बोलायचं काही नाही. तिसऱ्या घंटेला पडदा.

प्रयोग संपला की मंच रिकामा करण्याचीही वेळ मोजली जाते, हे मुलं आनंदात विसरतात. टाळ्या चालू असतानाच लेव्हल उचलणारे चौघे वळलेले असले पाहिजेत. वस्तू त्याच कागदाच्या चौकोनांत परत जातात, मग पेटीत. दुसऱ्या दिवशी, निकाल काहीही लागो, आम्ही गोल बसून संहितेच्या एका प्रतीवर लाल पेननं लिहितो: कुठं हशा आला, कुठं दोन सेकंद जास्त गेले, कुठल्या वळणावर एसटीची तिसरी रांग उशिरा झुकली.